हौशी प्रेक्षकाची साक्ष

चित्रपटाविषयीं मत नसलेला मनुष्य आमच्या पाहण्यांत अद्यापि आला नाहीं. राजकारणावर बोलतांना लोक थोडे चाचरतात, काव्याचा विषय निघाला तर ‘तो आमचा प्रांत नव्हे’ असें नम्रपणें सांगून मोकळे होतात. परंतु काल रात्रीं पाहिलेल्या चित्रपटावर निवाडा देण्यास कोणासही सनद लागत नाहीं. आम्हीही ह्याच सुखी वर्गांतले. चित्रपटकलेचें शास्त्र आम्हीं कधीं अभ्यासिलें नाहीं. कॅमेरा हातीं धरला तो घरच्या एका मंगलकार्यांत, आणि तेव्हां वधूवरांचीं डोकीं चौकटीबाहेर राहिलीं. तेव्हां पुढें जें लिहिणार आहों तें वाचकांनीं समीक्षा म्हणून घेऊं नये. मात्र तीस वर्षें इतिहास शिकविण्यांत गेल्यामुळें, कोणतीही वस्तु समोर आली कीं ती कोणत्या काळची, तिच्याविषयीं कोणीं काय सांगितलें, आणि सांगणाऱ्याचा भरंवसा किती धरावा, हे तीन प्रश्न विचारण्याची खोड आम्हांस जडली आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत ती खोड चित्रपटांवर चालली. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

निमित्त झालें आमच्या पुतणीचें. ती पुण्यास महाविद्यालयांत शिकते. सुटीसाठीं आमच्याकडे आली होती. जेवणानंतर नेहमींच्या रिवाजाप्रमाणें आम्हीं हल्लींच्या चित्रपटांस नांवें ठेवण्यास प्रारंभ केला, तेव्हां तिनें सरळ विचारलें, “काका, त्यांतला तुम्ही कोणता पाहिला आहे?” आम्ही निरुत्तर झालों. मग आम्हींही तिला उलट विचारलें कीं, ‘प्रभात’चा एक तरी बोलपट तूं शेवटपर्यंत पाहिला आहेस काय? तीही निरुत्तर झाली. अशा रीतीनें दोन्ही पक्षांचें अज्ञान सिद्ध झाल्यावर करार ठरला : एके रात्रीं जुना चित्रपट, दुसऱ्या रात्रीं नवा, मध्येंच कोणीं उठावयाचें नाहीं, आणि मत द्यावयाचें तें शेवट पाहिल्यानंतर. सौभाग्यवतीस पंच नेमलें.

आरंभ अगदीं आरंभापासूनच केला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. मूळ चित्रपट चार रिळांचा. आज त्यांतलीं पहिलें आणि शेवटचें अशीं दोनच रिळें उपलब्ध आहेत. आणि तींही १९१३ सालचीं, कीं फाळक्यांनीं १९१७ सालीं हाच विषय पुन्हां चित्रित केला त्या वेळचीं, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहे. जें उरलें आहे त्यांत राजा आपल्या मुलास धनुर्विद्या शिकवितो आहे. राणी शेजारीं उभी आहे. सारें दृश्य रविवर्म्याच्या चित्रासारखें मांडलेलें. राणी तारामतीचें काम साळुंके नांवाच्या एका भोजनगृहांत काम करणाऱ्या तरुणानें केलेलें आहे, कारण कोणतीही स्त्री त्या काळीं पडद्यावर येण्यास तयार झाली नाहीं. पुढें पाण्यांत खेळणाऱ्या सख्या दिसतात. त्याही सगळ्या पुरुषच. आमची पुतणी प्रथम मोकळेपणें हंसली. चित्र संपल्यावर मात्र तिनें विचारलें, “बाकीचीं दोन रिळें कोठें आहेत?” शिक्षकाच्या ठिकाणीं उत्तर तयार असावें लागतें, आमच्यापाशीं तें नव्हतें. हा प्रश्न पुढें सुटीभर आमच्या मागें राहिला.

दुसऱ्या रात्रीं परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) लावला. हा नवा चित्रपट जुन्याच्या जन्माची कथा सांगतो. आणि फाळक्यांची भूमिका नंदू माधव यांनीं इतक्या उल्हासानें केली आहे कीं, विम्याची पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढणारा हा गृहस्थ जणूं पतंग उडवावयास निघाला आहे असें वाटावें. आमचा आक्षेप नेमका येथेंच होता. दारिद्र्य इतकें गोड नसतें. फाळक्यांचें पुढील आयुष्य तर मुळींच गोड नव्हतें. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकुलता बोलपट आणि अखेरची कृति. १९४४ त नाशिकास ते वारले तेव्हां चित्रसृष्टि त्यांना बहुतांशीं विसरली होती. पंचांचा निकाल आमच्या विरुद्ध गेला. “तुम्ही फाळक्यांकडे पाहत होतां, मी सरस्वतीबाईंकडे पाहत होतें,” असें त्या म्हणाल्या. आणि त्यांचें म्हणणें इतिहासास धरून होतें. सगळ्या मंडळीचा स्वयंपाक उरकून रात्रीं अंधारांत फिल्मेच्या कांठास छिद्रें पाडीत बसणारी ही बाई नसती, तर भारतीय चित्रपटाचा जन्म आणखी कांहीं वर्षें लांबला असता. गंभीर ग्रंथांत तिला एक ओळ मिळते. ह्या विनोदी चित्रपटानें तिला घर दिलें.

याच ठिकाणीं एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली, ती पुढील विवेचनास उपयोगी आहे. फाळके हे निर्माते होण्यापूर्वीं प्रेक्षक होते. १९१० च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूंतल्या चित्रगृहांत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. डोळ्यांपुढें ख्रिस्त आणि मनांत राम-कृष्ण, अशी त्यांची अवस्था झाली. आणि हा अनुभव त्यांनीं पुढें १९१७–१८ च्या सुमारास ‘नवयुग’ मासिकांत स्वतःच लिहून ठेवला. म्हणजे आपल्या चित्रपटाच्या इतिहासाचें एक पहिलें साधन कोणतें, तर एका प्रेक्षकानें मासिकांत दिलेला अभिप्राय. फाळक्यांनीं तो लिहिला नसता, तर त्या रात्रीची आठवण त्यांच्याबरोबरच गेली असती.

तिसऱ्या रात्रीं ‘संत तुकाराम’. ह्या बोलपटापाशीं आम्हांस आमची एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेली आणि १९३३ त पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी ही त्या वेळीं भरभराटींत होती. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल ह्या दोघा भागीदारांनीं ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला, आणि १९३६ च्या डिसेंबरांत तो मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत लागला. तेथें तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ त व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत त्याचा गौरव झाला. आमच्या पदवीच्या वर्षांत एका चित्रपट-मंडळांत आम्हीं तो प्रथम पाहिला. तेव्हां आम्ही नुकतेच युरोपीय समीक्षकांचे ग्रंथ वाचूं लागलों होतों. शेवटीं गरुडाचें विमान तुकोबांस घेऊन आकाशांत जातें, तें पाहून आम्ही मित्रमंडळी हंसलों. आणि महाविद्यालयाच्या वार्षिकांत ‘चमत्कारांनीं बिघडविलेलें चरित्र’ असा निकाल आम्हीं मोठ्या ऐटींत छापूनही टाकला.

तो लेख आम्हीं आजीस वाचून दाखविला होता. आजीनें हा बोलपट १९३७ सालीं, लग्न होऊन वर्ष झालें असतांना, तालुक्याच्या गांवीं तंबूंत पाहिला होता. पुष्कळ बायका चपला बाहेर काढून आंत शिरत, असें ती सांगे. आमचा लेख तिनें शांतपणें ऐकून घेतला आणि म्हणाली, “तुकोबा वैकुंठाला गेले रे बाळ, पण मागं पोरांचं कोण बघणार होतं? आवलीला विमानात बसायला सवड कुठं होती?” आम्हांस वाटलें, आजीस चित्रपट कळला नाहीं, ती मुख्य पात्र सोडून भलत्याकडेच पाहत बसली.

आतां पस्तीस वर्षांनीं तोच बोलपट पुन्हां पाहिला, आणि आजीनें जें पाहिलें होतें तें दिसूं लागलें. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम भक्तींत बुडालेला आहे, आणि त्याच्यासमोर गौरीची आवली आहे. ही गौरी काहीं नामांकित नटी नव्हे. स्टुडिओंत किरकोळ कामें करतां करतां पुढें आलेली बाई. तिच्या तोंडची भाषा शेणाची आणि चुलीची आहे. पोर तापानें फणफणलें असतां ती त्यास ओढीत देवळांत नेते आणि दुसऱ्या हातांत पायताण घेऊन विठोबास जाब विचारते. दिग्दर्शकांनीं एका बाजूस चमत्कार ठेवले आणि दुसऱ्या बाजूस ही बाई ठेवली. आणि चमत्कारांच्या गर्दींतही तिला कोठें लहान होऊं दिलें नाहीं. विमान जातें, आणि ती खालीं राहते. विमान भाबडें आहे कीं नाहीं, हा वाद आमचा पुस्तकी होता. तें कोणास मागें ठेवून गेलें, हा प्रश्न आजीनें नेमका धरला होता. आमचा छापील लेख आज वाचवत नाहीं. तिचें तोंडचें वाक्य मात्र टिकलें. पण हा न्याय आम्हांस करतां आला तो एकाच कारणानें : चित्रपट शाबूत होता, म्हणून पुन्हां पाहतां आला.

यानंतरची जोडी पुतणीनें ठरविली : शांतारामबापूंचा ‘कुंकू’ (१९३७) आणि नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६). दोहोंमध्यें एकोणऐंशी वर्षें आहेत. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून काढलेल्या ‘कुंकू’मध्यें म्हाताऱ्या वकिलाशीं फसवून लग्न लावून दिलेली नीरा, हें लग्न मी मानीत नाहीं, असें सांगून उभी राहते. शांता आपटे यांनीं ती अशी उभी केली आहे कीं, आजही घरांत बसलेला पुरुषवर्ग थोडा सावरून बसतो. केशवराव दाते यांचे काकासाहेब हे दुष्ट नाहींत, यांतच चित्रपटाचें बळ आहे. आणि ह्या बोलपटांत पार्श्वसंगीत नाहीं. घड्याळाची टिकटिक, दाराची करकर, पावलांचा आवाज, जें घरांत ऐकूं येईल तेवढेंच ऐकूं येतें. बोलपट निघून फार वर्षें झालीं नव्हतीं, सारे जण पडद्यावर गाणें भरण्याच्या नादांत होते, त्या वेळीं हें मौन पाळण्यास धैर्य पाहिजे.

‘सैराट’विषयीं आमचें मन आधींपासून कलुषित होतें. त्याचीं गाणीं गल्लोगल्लीं ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. पूर्वार्ध पाहतांना आमचा पूर्वग्रह थोडा ढिला झाला, कारण बुलेट चालविणारी आर्ची ही नीरेची नात शोभावी अशी मुलगी आहे. तरी गाणीं लांबलीं, असें आमचें मत अजूनही आहे. परंतु शेवट आला, आणि अजय–अतुल यांच्या भरगच्च वाद्यमेळानें गाजलेल्या त्या चित्रपटांतला आवाजच बंद झाला. रक्तांत पाय भरलेलें लहान मूल दाराबाहेर चालत जातें. रडतें, पण त्याचें रडणें आपणांस ऐकूं येत नाहीं. आमच्या घरांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग पुतणी म्हणाली, “कुंकूमध्येंही असंच होतं ना? आवाज नाहीं.” आम्ही इतिहासाचे अध्यापक, ही सांगड आमच्या आधीं तिनें घातली.

आमचें मत असें कीं, फरक शेवटांत आहे. ‘कुंकू’त शेवटीं काकासाहेबांस आपली चूक कळते आणि ते जीव देऊन नीरेस मोकळें करतात. तें आम्हांस पूर्वींही पटलें नव्हतें, आजही पटत नाहीं. मुलीच्या सुटकेसाठीं म्हाताऱ्यानें मरावें लागणें ही सुधारणा नव्हे, सोय आहे. परंतु त्या सोयींतही एक विश्वास होता कीं, घरांतला वडील मनुष्य डोळ्यांत डोळा घालून पाहिला तर शरमेल. १९३७ चा प्रेक्षक तो विश्वास घेऊन घरीं गेला. ‘सैराट’मध्यें कोणी शरमत नाहीं, माहेराहून भेटी घेऊन माणसें येतात, चहा पितात, आणि जीव घेऊन जातात. दोन्ही चित्रपट पुढेंमागें ठेवल्यावाचून आपण किती पुढें आलों आणि कोठें अडकलों याचा हिशेब लागत नाहीं. कायदे आणि परिषदांचे ठराव वर्गांत वाचून आम्हांस हा हिशेब इतका स्पष्ट कधीं दिसला नव्हता.

अखेरचा नवा चित्रपट ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांच्या ह्या पहिल्याच मोठ्या चित्रपटास २०१४ सालीं त्याच व्हेनिसमध्यें ‘ओरिझोंती’ विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. एका शाहिराच्या गाण्यामुळें गटार साफ करणाऱ्या कामगारानें आत्महत्या केली, असा आरोप. आणि त्या आरोपाची तारखेमागून तारीख. शाहिराचें काम करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळींतले कार्यकर्ते होते. २०२१ त ते वारले. गौरीपासून साथीदारांपर्यंत ही एक परंपराच म्हणावी लागेल : मराठी पडद्यानें जेव्हां जेव्हां नटाऐवजीं माणूस उभा केला, तेव्हां तेव्हां त्याचें कांहीं वांयां गेलें नाहीं. चित्रपट फार संथ आहे, अशी आमची तक्रार होती. न्यायाधीश एका बाईचा खटला तिच्या बिनबाह्यांच्या पोशाखावरून पुढें ढकलतात, त्या प्रसंगीं ती तक्रार आम्हीं मागें घेतली. न्याय संथ असतां चित्रपटानें धांवावें कां? सौभाग्यवतीचें लक्ष येथेंही निराळ्याच ठिकाणीं होतें. सरकारी वकीलबाई कोर्टांत शाहिरास वर्षानुवर्षें तुरुंगांत डांबण्याविषयीं एका सुरांत वाचतात, आणि लोकलनें घरीं येऊन नवऱ्याच्या मधुमेहाची काळजी घेत भाजी फोडणीस टाकतात. “हिचा राग येत नाहीं, हीच भीति आहे,” असें त्या म्हणाल्या. ‘कोर्ट’वर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, एवढें नेमकें आमच्या वाचण्यांत आलें नाहीं.

आतां पुतणीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळूं. बाकीचीं रिळें कोठें आहेत? उत्तर कडू आहे. मूकपटाच्या काळांत हिंदुस्थानांत हजाराहून कितीतरी अधिक चित्रपट निघाले. त्यांतले आज पाहतां येण्याजोगे, पुरे वा तुकडे मिळून, फारच थोडे. १९३१ चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाहीं. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५), ज्यांत तरुण शांतारामांनीं कर्जांत जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याचें काम केलें, त्याची थोरवी प्रत्येक ग्रंथांत वाचावी; पाहावयास मात्र चित्रपट नाहीं. त्या वेळची नायट्रेटची फिल्म इतकी ज्वालाग्राही कीं, पेटली तर पाण्याखालींही विझत नाहीं. न पेटली तरी उष्ण व दमट हवेंत चिकट होऊन तिचा भुगा होतो. शिवाय तिच्यांत चांदीचा अंश असे. चित्रपटाचा धंदा संपला कीं प्रती विकून, धुऊन, चांदी काढून घेत. ज्यांनीं असें केलें तेही दुष्ट नव्हते; उद्यां कोणास हें पाहावेंसें वाटेल, ही कल्पनाच त्या काळीं नव्हती. ती कल्पना ज्यांना होती त्यांत पी. के. नायर हे अग्रगण्य. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि नायरांनीं गांवोगांव फिरून, गुदामें धुंडाळून, विनवण्या करून रिळें जमविलीं. फाळक्यांचें जें उरलें तें पुष्कळ अंशीं त्यांच्यामुळें. आणि तरीही जानेवारी २००३ मध्यें पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत, म्हणजे पूर्वींच्या ‘प्रभात’च्याच जागेंत, नायट्रेट फिल्मांच्या साठ्यास आग लागली आणि शेंकडों चित्रपटांचीं रिळें जळालीं.

हें पुतणीस सांगतांना आम्हांस आजीची दुसरी एक आठवण झाली. सात-आठ वर्षांची असतांना तिनें एका जत्रेंत मूकपट पाहिला होता. पडद्याशेजारीं उभा राहून एक मनुष्य मोठ्यानें कथा सांगे आणि बाजूस पेटी-तबला वाजे. पडद्यावर एक बाई नदीकांठीं बसून, पदराखालीं भाकरी झांकून, कोणाची तरी वाट पाहत होती. तो आला कीं नाहीं, हें आजीस सांगतां येत नसे, कारण तितक्यांत तिला झोंप लागली. चित्रपटाचें नांव काय, हें आम्हीं तिला कधीं विचारलें नाहीं. कदाचित् तिला तें आठवलेंही असतें. १९९८ सालीं आजी गेली. ‘संत तुकारामा’विषयीं तिचें मत खरें कीं आमचें, याचा निवाडा आम्हांस करतां आला. ह्या नदीकांठच्या बाईविषयीं आतां कोठेंही अपील उरलें नाहीं. चित्रपट गेला, पाहणारी गेली. राहिली ती आमच्या स्मरणांतली ही एवढी भाकरी.

इतिहासाची साधनें म्हणजे बखरी, सनदा, ताम्रपट असें आम्ही वर्गांत सांगतों. यापुढें त्यांत एक साधन जोडावें लागेल : साध्या प्रेक्षकाचा अभिप्राय. समीक्षकाचें मत छापलें जातें, म्हणून टिकतें. निर्मात्याची जमाखर्चाची वही कधीं कधीं सांपडते. पण चित्रपट ज्यांच्यासाठीं निघाला त्या माणसांनीं तो पाहून काय मनांत नेलें, हें कोणींच लिहून ठेवीत नाहीं. आमची ही साक्ष चुकीची असूं शकते, आमच्या वार्षिकांतल्या लेखासारखी; पण चुकीची साक्षही तारीख घालून लिहिलेली असेल तर पुढच्यास उपयोगीं पडते. ज्यांच्या घरांत वडीलधारीं माणसें आहेत त्यांनीं त्यांस एकदां निवांतपणें विचारावें : पहिला चित्रपट कोणता, कोठें, कोणाबरोबर पाहिला, आणि त्यांतलें काय आठवतें.

पुतणी हें केवळ ऐकून थांबली नाहीं. परवां तिचें पत्र आलें. तिच्या आईच्या आईनें ‘श्यामची आई’ लहानपणीं, म्हणजे १९५४ च्या सुमारास, आपल्या आईबरोबर पाहिला. श्याम कसा होता, वनमालाबाई कशा दिसत, हें तिला आठवत नाहीं. “सगळं थिएटर रडत होतं, तेवढं आठवतं, आणि घरी येईपर्यंत आईनं माझा हात सोडला नाहीं,” असें ती म्हणाली, तें पुतणीनें जसेंच्या तसें उतरून पाठविलें आहे. वहींत तारीख घातली आहेस काय, असें आम्हीं तिला उत्तरीं विचारलें. तिनें ती घातली होती.